नदीपलीकडची गाडी

भर उन्हाळ्याच्या दुपारी लोकरीचा कोट घातलेला एक माणूस माझ्या काचेसमोर येऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्याकडे नुसतं बघूनच मला घाम फुटला.

बाहेर डांबर मऊ झालं होतं. बस स्थानकाच्या पत्र्याखाली माणसं वर्तमानपत्रांनी वारा घेत बसली होती. नळाखालच्या ओल्या फरशीवर कुत्री पोट टेकून पडली होती. आणि हा मात्र गळ्यापर्यंत बटणं लावून, केस चापूनचोपून बसवून, हातात एक छोटी बॅग घेऊन उभा. कपाळावरून घाम अगदी शिस्तीत, एकामागे एक ओघळत होता.

"पाच नंबरला गाडी लागलीय, असं आत्ता कोण म्हणालं?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, मीच. त्या काचेच्या खोलीत माईकसमोर दुसरं कोणी नव्हतंच. शेजारच्या चौकशीच्या खिडकीत काकू बसतात, पण त्यांना माईक कोणी देत नाही. त्यांचा आवाज तसाच सगळ्या स्थानकात पोचतो.

"नदीपलीकडची गाडी दोन नंबरला लागली होती. मी पाचवर उभा राहिलो. ती गेली निघून."

मला तर इथून ती पाचवरच उभी दिसली होती. आता हा चिडणार, साहेबांची खोली विचारणार, साहेब मला बोलावणार… माफी मागायला मी तोंड उघडलं, तोच तो म्हणाला, "तुमचे आभार मानायला आलो होतो."

मला वाटलं, ऊन लागलं बिचाऱ्याला. मी दार उघडून त्याला आत घेतलं, पाणी दिलं, टेबलफॅनचं तोंड त्याच्याकडे वळवलं. दोन घोट पाणी पोटात गेल्यावर त्याने जे सांगितलं ते असं. नदीपलीकडे त्याच्या आईची जुनी मैत्रीण राहत होती आणि मैत्रिणीला एक मुलगी होती. दोन्ही आयांनी मनातल्या मनात सगळं जुळवून टाकलं होतं. याने फक्त जाऊन भेटायचं आणि हो म्हणायचं बाकी होतं. याला जायचं होतं असं नाही, जायचं नव्हतं असंही नाही. स्थानकावर उभं राहून त्याने देवाला सांगितलं, जायचं नसेल तर मला काहीतरी दाखव.

"आणि मग तुमचा आवाज आला," तो म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणीतरी देवाच्या जागी बसवत होतं, तेही चुकीच्या कामाबद्दल. मी म्हटलं, कोट तरी काढा. तो संकोचला, पण काढला. आतल्या शर्टाची कॉलर आणि पुढची बाजू कडक इस्त्रीची होती, आणि पाठ… पाठ नुकतीच बोळ्यातून उलगडल्यासारखी.

"कोट काढायचा नाही असं ठरलं होतं," तो ओशाळून म्हणाला. कोट त्याच्या आईने कपाटातून काढून दिलेला. पहिल्या भेटीत माणूस भारदस्त दिसावा, हे तिचं म्हणणं. मला हसू आवरेना. मग तोही हसला, आणि खिडकीतून काकू वाकून आमच्याकडे बघू लागल्या.

तो बाजाराच्या मागच्या गल्लीत चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करत होता. काकूंनी जागच्या जागी त्याचं नाव ठेवलं, डोळेवाला. संध्याकाळची गाडी मी काकूंना दोनदा विचारून मगच पुकारली. डोळेवाला बाकावर बसून होता. गाडी आली, भरली, गेली. तो उठला नाही. जाताना काचेपाशी येऊन म्हणाला, "उद्या पाणी मी आणीन."

आणि आणलं. थंडगार, बाटलीबाहेर थेंब साचलेलं. मग परवाही. मग रोज दुपारी, दुकान बंद असायच्या वेळात.

मी दिवसभर गावांची नावं घेते. डोंगरावरची गाडी, समुद्राकाठची गाडी, सरहद्दीपर्यंत जाणारी गाडी. माझ्या एका वाक्यावर माणसं पिशव्या उचलून धावतात. मी स्वतः मात्र यातल्या एकाही गावाला गेलेली नाही. हे त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, बरोबर आहे, आमच्या दुकानाच्या मालकाला चष्मा नाही. मग म्हणाला, "कुठे जायला आवडेल?" मला सांगताच येईना. मी आजवर फक्त कोणती गाडी कुठून सुटते याचाच विचार केला होता, कुठे पोचते याचा नव्हे.

घरी मी आणि बाबा. बाबा शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, मागच्या खोलीत आम्ही दोघं. कपड्यावरून माणूस ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. लोकरीच्या कोटाची हकिकत मी त्यांना गंमत म्हणून सांगितली, तर सुईत दोरा ओवता ओवता ते म्हणाले, असा माणूस मनाचा चांगला असतो, पण त्याला कोणीतरी कपडे काढून देतं. मी म्हटलं, मग? ते म्हणाले, मग काही नाही.

त्या उन्हाळ्यात माझं काय चाललं होतं ते मलाच कळत नव्हतं. गणवेशाला मी रोज इस्त्री करू लागले. कानात बारीक खडे घालू लागले. माईकवरून कानातलं दिसत नाही, हे मला कळत होतं… तरीही. दुपार होऊ लागली की आवाज आपोआप गोड व्हायचा. काकू म्हणायच्या, आज सरहद्दीच्या गाडीला एवढी साखर कशाला, त्या गाडीत सगळे सैनिकच बसतात, ठाऊक आहे ना.

सिनेमाचं मला वेड. सुट्टीच्या दिवशी दुपारचा खेळ चुकवत नाही. एक तर सिनेमा, आणि शिवाय थंडगार अंधार. त्याने लहानपणानंतर थिएटरचं तोंड पाहिलं नव्हतं. मी सहज म्हटलं, या एकदा. तो सहज आला. सहज म्हणजे कसा, तर दाढी करून, आणि शर्टाच्या पाठीलाही इस्त्री करून.

त्या सिनेमात ताटातूट झालेले नायक-नायिका कित्येक वर्षांनी परक्या शहरात एकाच रेल्वेच्या एकाच बाकावर येऊन बसतात. सगळं थिएटर नाक ओढत होतं, आणि हा खो खो हसला. पुढच्या रांगेतली बाई मागे वळून बघायला लागली. बाहेर आल्यावर, उन्हात डोळे मिचकावत, मी विचारलं, एवढं काय हसण्यासारखं होतं.

"एवढं मोठं शहर, आणि तोच डबा, तेच बाक? कसं शक्य आहे?"

"आणि तुमची गाडी चुकली ते?"

"ते वेगळं. ते खरंच घडलं."

"म्हणजे सिनेमात योगायोग झाला की तुम्ही हसता, आणि आयुष्यात झाला की हात जोडता."

"तुमचं उलटं आहे. तुम्ही आत रडत होता. मी पाहिलं."

"डोळ्यात काहीतरी गेलं होतं."

"डोळ्यांचं मला सांगू नका," तो म्हणाला. "तो माझा धंदा आहे."

आम्ही भिंतीच्या अरुंद सावलीतून एकामागे एक चालत राहिलो. तो पुढे होता, आणि मला त्याची ती सरळ इस्त्रीची पाठ बघताना उगाचच भरून येत होतं.

त्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं होतं की मी भिंतीवरची पोस्टरं डोळे बारीक करून वाचते. म्हणाला, दुकानात या, एकदा बघू. मी म्हटलं, मला नीट दिसतं. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात.

दुकानाच्या मागच्या बाजूला एक अंधारी खोली होती. उंच खुर्ची, समोर उजळलेल्या पाटीवर अक्षरं. त्याने माझ्या नाकावर एक जड गोल चौकट बसवली आणि तीत भिंगं टाकू लागला, काढू लागला. त्याची बोटं कानाजवळून जायची, लागायची नाहीत. दुकानात त्याचा आवाज वेगळाच होता, हळू आणि खात्रीचा.

"आता बरं दिसतंय, की… आता?"

"पहिलं."

"नक्की?"

"…दुसरं."

"घाई नाही. पुन्हा बघा. हे… की हे?"

मला काही ठरवता येईना. दोन्हींत तोच दिसत होता. समोरच्या अक्षरांचं मी काय करणार. शेवटी त्याने एक भिंग बसवलं आणि तो बाजूला सरकला, आणि पाटीवरच्या खालच्या ओळीतली, मला आजवर मुंग्या वाटलेली अक्षरं एकदम टवकारून उभी राहिली.

त्याने कागदावर नंबर लिहिला. मग म्हणाला, "तुम्हाला लांबचं दिसत नाही. बऱ्याच दिवसांपासून दिसत नसणार."

माझ्या खोलीपासून फलाट केवढे लांब आहेत हे दोघांच्याही एकाच वेळी डोक्यात आलं असावं.

"म्हणजे त्या दिवशी तो देव नव्हता," मी म्हटलं. "माझा नंबर होता."

तो हसला. "नंबर कोणी दिला?"

यावर वाद घालता आला असता. मी काही फार भाविक नाही. परीक्षेच्या आणि दवाखान्याच्या वेळी तेवढी असते, एरवी देवाचं आणि माझं चाललंय ते बरं चाललंय. पण त्या अंधाऱ्या खोलीत, नाकावर ते लोढणं घेऊन, मला त्याच्याशी वाद घालावासाच वाटला नाही.

चष्मा आला तेव्हा त्यानेच तो माझ्या डोळ्यांवर चढवला, आणि मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याच्या भुवईवर एक जुना व्रण होता. एक पापणी किंचित उतरलेली. डोळ्यांखाली थकवा. इतके दिवस मी ज्याच्याशी बोलत होते तो जरा पुसट होता, आणि म्हणून जरा जास्तच देखणा. हा खरा माणूस त्याच्याहून कमी देखणा होता आणि मला जास्त आवडत होता. हे कसं काय, ते काही केल्या उमगेना. मी चष्मा काढला, पुन्हा घातला. तो विचारत होता, टोचतो का कुठे. मी म्हटलं, नाही. टोचत होतं, पण ते दुसरीकडेच.

आणि मग बागेतली ती संध्याकाळ. माळी पाइपाने गवतावर पाणी मारत होता, ओल्या मातीचा वास सुटला होता. आम्ही बाकावर बसलो होतो, मध्ये त्याची पिशवी. त्याने पिशवी उचलून पलीकडे ठेवली. म्हणाला, मी आईला तुमच्याबद्दल सांगितलंय. माझ्या हातात आइसक्रीमची कांडी होती आणि ते मनगटावर गळत होतं, ते पुसायचंही मला सुचलं नाही.

"माझं तुमच्यावर प्रेम आहे," तो म्हणाला. "मला जराही शंका नाही. हे ठरलेलंच होतं."

पहिलं वाक्य ऐकून वाटलं, उठून नाचावं. शेवटचं ऐकून वाटलं, उठून जावं. मी दोन्ही केलं नाही.

"आणि ती गाडी मिळाली असती तर?" मी विचारलं.

त्याने पाण्याच्या धारेकडे पाहिलं. "तर… तिला हो म्हटलं असतं बहुतेक."

"आणि उद्या दुसरीच काही खूण मिळाली तर?"

त्याला खोटं बोलता येत नाही. त्याच्यातलं मला सगळ्यात आवडायचं ते हेच, आणि त्या क्षणी सगळ्यात टोचलं तेही हेच. तो पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळू लागला.

"मला देवाने तुमच्या पुढ्यात टाकलेली मुलगी व्हायचं नाही," मी म्हटलं. "मला कोणीतरी निवडायला हवंय. स्वतः. चुकलं तर चुकलं म्हणून."

त्याचा चेहरा उतरला. चष्म्यामुळे मला ते सगळं दिसलं, आणि आधीच्या पुसट डोळ्यांची आठवण आली.

"तेच मला जमत नाही," तो म्हणाला, इतक्या हळू की पाण्याच्या आवाजात जेमतेम ऐकू आलं.

मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला नाही. त्यानंतरही नाही.

ते दिवस विचित्र गेले. मी बरोबर बोलले होते, याची मला पक्की खात्री होती, आणि तरीही जेवण जात नव्हतं. एकदा न राहवून मी उशीत तोंड खुपसून देवाला म्हटलं, पाठव त्याला. मग आठवलं, देवाने पाठवलेला तर मला नको होता. मग म्हटलं, बरं, पाठवू नकोस, पण तो आला तर अडवू नकोस. हे देवाला कितपत कळलं असेल कोण जाणे, मलाच नीट कळलं नव्हतं. बाबा मशीन थांबवून बघत, पण काही विचारत नसत. फक्त एकदा माझ्या गणवेशाची बाही हातात घेऊन म्हणाले, सैल झाली, आत घेऊ का.

एका सकाळी काकूंनी हाक मारली. खिडकीपाशी फिक्या सुती कपड्यांतली एक लहानखुरी बाई उभी होती. तिने काकूंना नदीपलीकडच्या गाडीची वेळ विचारली होती, आणि वेळ कळल्यावरही ती गेली नव्हती. ती माझ्या काचेकडे आली.

"तूच ना ती?" ती म्हणाली. "घरी तुझा आवाज काढून दाखवतो तो. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

म्हणजे ही त्याची आई. मी उभी राहिले. काय करावं न कळून तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. म्हणाली, मैत्रिणीचा पुन्हा निरोप आलाय आणि तो जायला तयार झालाय. मी काही त्याला ढकललेलं नाही. तू काय बोललीस तेही त्याने मला सांगितलं. तू चुकीचं बोलली नाहीस, पण एक गोष्ट तुला माहीत असावी म्हणून आले.

मग तिने सांगितलं. त्याचे वडील फार आजारी होते. ऑपरेशन करायचं की नाही, हे डॉक्टरांनी घरच्यांवर सोडलं. केलं तर धोका, नाही केलं तरी धोका. हिला ठरवता येईना. मुलाने ठरवलं, मुलानेच सही केली. वडील परत आले नाहीत.

"तेव्हापासून सकाळी कुठला शर्ट घालायचा तेही तो स्वतः ठरवत नाही. मी काढून ठेवते. बाकीचं देवावर."

मी विचारलं, मग मी काय करू?

"ते मी कशी सांगू," ती म्हणाली, आणि तिच्या ओठांवर त्याच्यासारखंच हसू आलं. "आमच्या घरात कोणी काही ठरवत नाही."

तो जाणार होता त्या दिवशी मी सुट्टी घेऊ शकले असते. घेतली नाही. तो आला. अंगात अर्ध्या बाह्यांचा, विटलेला निळा शर्ट, पुढून-मागून सारखाच चुरगळलेला. माझ्या खोलीकडे न बघता खांबाजवळ उभा राहिला. गाडी आत आली, वळली, लागली. आता मला सगळं दिसत होतं. गाडीवरची पाटी, फलाटाचा आकडा, ड्रायव्हरच्या खांद्यावरचा रुमालसुद्धा. दोन नंबर. अगदी लख्ख दोन.

माझं बोट माईकच्या बटणावर होतं. मी पाच म्हटलं असतं तर? तो पाचवर गेला असता, गाडी निघून गेली असती. तो हसत माझ्या काचेशी आला असता आणि मग जन्मभर कुठे गेला नसता. एक शब्द. काकू त्यांच्या खिडकीतून माझ्याकडे बघत होत्या. पहिल्यांदाच त्या काही बोलत नव्हत्या.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. नदीपलीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे."

नियमाप्रमाणे मी ते पुन्हा एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा आवाज जरा चिरकला.

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काहीतरी विचारत असल्यासारखं. मी हात हलवला नाही, मान हलवली नाही, माईककडे बघत राहिले. पुन्हा वर पाहिलं तेव्हा तो पायरी चढत होता. गाडी गेली. धूळ खाली बसली. काकूंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि म्हणाल्या, चष्मा काढून रड, डाग पडतात.

नंतर काहीच कळलं नाही. ना बातमी, ना निरोप. सुट्टीच्या दिवशी मी एकटी सिनेमाला गेले. योगायोग आला तसा गेला, मला रडू आलं नाही, हसूही नाही. मी नुसती बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर पिशवी ठेवून बसले होते.

पुढच्या सुट्टीला कुठेच गेले नाही. ऊन रणरणत होतं, बाबांनी पुढचं दार लोटून घेतलं होतं आणि आत कुठल्या तरी पोराची पँट आखूड करत बसले होते. दार वाजलं. गिऱ्हाईक असेल म्हणून मी उघडलं.

तो पायरीखाली उभा होता. चेहरा लालबुंद, एका सँडलचा पट्टा तुटलेला, तो सँडल हातात. म्हणाला, काकूंना पत्ता विचारला, त्यांनी दुसऱ्याच गल्लीचा सांगितला. ती गल्ली खणलेली होती. तिथून वळलो तर कुत्रा मागे लागला. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं, आणि मग दम संपला.

मी दारातच उभी राहिले. विचारलं, कशी आहे ती?

"चांगली आहे," तो म्हणाला. "हसरी आहे. तिला सिनेमे आवडतात. स्वतःचं मत आहे तिला. तिथे झाडं आहेत, वारा होता, गाडीसुद्धा वेळेवर पोचली. मी दिवसभर वाट बघितली. मनात म्हटलं, देवा, काहीतरी दाखव. काही नाही. साधा कप फुटला नाही. मग तिने सरळ विचारलं, तुमचं काय मत आहे?"

"मग?"

"मी नाही म्हटलं." तो थांबला. "मी म्हटलं. माझ्या तोंडाने."

ती काय म्हणाली, हे विचारल्यावाचून मला राहवेना. ती म्हणाली, बरं झालं, आता मोकळेपणाने जेवा. मला ती मुलगी एकदम आवडून गेली.

मग इतके दिवस कुठे होता, असं मी विचारलं. घाबरलो होतो, म्हणाला. रोज निघायचा, बाजारापर्यंत यायचा, परत जायचा. आज सकाळी आईने शर्ट काढून ठेवला होता, तो तसाच ठेवून त्याने दुसरा घातला, आणि मग मागे वळायला काही कारण उरलं नाही.

"आज तर सगळं उलटंच घडत होतं," मी म्हटलं. "गल्ली, कुत्रा, सँडल. एवढ्या खुणा."

"पाहिल्या. म्हटलं, असू दे."

"आणि चुकलं तर?"

"तर माझं चुकलं." त्याने सँडल या हातातून त्या हातात घेतला. "मी तुम्हाला निवडलंय. तुम्ही नाही म्हटलं तरी ते तसंच राहील. एवढंच सांगायचं होतं."

मला वाटलं होतं, हे शब्द ऐकले की डोक्यातला सगळा गोंधळ लख्ख होईल. सिनेमात तसं होतं. इथे काहीच झालं नाही. कोणीतरी मला निवडावं, निवडावं, म्हणून मी एवढी अडून बसले होते, आणि निवडायचं मलाही आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तो उन्हात उभा राहून, घाबरत का होईना, बोलून मोकळा झाला होता. मी मात्र सावलीत दाराची कडी धरून उभी. हे प्रेम आहे, की नुसती दुपारची सवय आहे… उन्हाळा संपला की उरेल, की नाही… काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"मला पक्कं काहीच सांगता येत नाही," मी म्हटलं.

"मलाही नाही," तो म्हणाला.

आतलं मशीन थांबलं होतं. बाबा ऐकत होते, आणि ऐकत नसल्यासारखं कात्री शोधत होते. तो वाट बघत होता. माझ्याकडेच बघत होता, वर आभाळाकडे नाही.

"आत ये," मी म्हटलं.

त्याने मान वर केली. "काय म्हणालात?"

"ऐकलंस ते," मी म्हटलं, आणि दार उघडून बाजूला झाले.